तळघरातला दिवा

अप्पारावांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि जुन्या टीव्हीतून कर्कश चिरचिर सुरू झाली. त्यांच्या सुनेने, वैदेहीने, पाळण्याकडे पाहिलं. अपू हलली, पण उठली नाही. कॅसेट झिजली होती. तिच्यावरचा खेळ कॉम्प्युटरमध्ये एखाद्या वेळी चढायचा, एरवी अर्ध्यातच अडकायचा. आज चढला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, तशी सासऱ्यांनी चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढली.

"ही कॅसेट आता लय दिवस काढायची न्हाई," ते म्हणाले. "आज तेवढं त्या खोलीतून बाहेर काढ मला."

"काढते ना, मामा."

तिने ते इतक्या सहज म्हटलं की म्हाताऱ्याने तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

अप्पाराव पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात नोकरीला असताना हैदराबादच्या मेहुण्याने त्यांना हा कॉम्प्युटर आणून दिला होता. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र. सोबतच्या खेळात चित्र एकही नव्हतं. आपण कुठे आहोत ते कॉम्प्युटर इंग्रजीत सांगणार. आपण दोन शब्दांत हुकूम सोडायचा, उत्तरेला जा, दोर घे. आणि तो बहुतेक वेळा म्हणणार, कळलं नाही. त्यात मीठ मागणारा कावळा होता, उलटी वाहणारी नदी होती. अप्पाराव मराठीत सांगायचे आणि शेजारी गहू निवडत बसलेल्या त्यांच्या पत्नी अंबिकाबाई पुढचं ठरवायच्या. पहारेकऱ्याला भाकरी द्या म्हणाल्या, तर त्या यंत्राला भाकरीच कळेना. "मग मर म्हणावं उपाशी," असं त्या म्हणाल्या होत्या. मामा ही गोष्ट अजून हसत सांगायचे. कावळ्याचं कोडं मात्र अंबिकाबाईंनीच सोडवलं होतं.

पण खेळातल्या तळघराच्या दगडी खोलीत दोघं अडकले ते अडकलेच. दार नाही, खिडकी नाही, हातात पेटता दिवा. भिंती ठोकून झाल्या, फरशी खणून झाली, दोर फेकून झाला. मग अंबिकाबाई गेल्या आणि मामा त्या खोलीत एकटेच राहिले.

आजही ते तिथवर झपाट्याने पोचले. वाट त्यांना तोंडपाठ होती. वैदेहीने खोलीचं वर्णन दोनदा वाचलं.

"मामा, दिवा विझवून बघितला का कधी?"

कीबोर्डवरचा त्यांचा हात मागे आला.

"पेटता दिवा कुणी आपल्या हातानं विझवतं का? तुझ्या सासूनं बजावूनच ठेवलं होतं. खेळ असला म्हणून काय झालं?"

वैदेही वाद घालत बसली नाही. अपूला झोपवताना आपण काय बघतो, तेवढंच तिने सांगितलं. लाईट घालवला की आधी सगळं काळंभोर होतं. लेकीला थोपटत पडून राहिलं की मग हळूहळू दाराखालची फट दिसायला लागते, खिडकीची चीर दिसते, पत्र्याला पडलेलं खिळ्याचं भोकसुद्धा दिसतं. लाईट चालू असताना यातलं काही कळत नाही.

"दार तिथंच असणार, मामा. माझी खात्री आहे."

मामा उठून आत गेले. आपण चुकून जास्त बोललो का, असं वाटून वैदेही त्यांच्यामागे दारापर्यंत गेली. ते देव्हाऱ्यापुढे बसले होते. भर दुपारी त्यांनी समईत तेल घातलं, वात सारखी केली, काडी ओढली. हात जोडले. ज्योत स्थिरावेपर्यंत थांबले आणि परत खुर्चीवर येऊन बसले.

"आता विझव."

तिने दोन शब्द टाइप केले. पडदा काळा झाला. नुसता कर्सर लुकलुकत राहिला. मग एक ओळ आली, तिच्याखाली दुसरी. मामांनी ओठ हलवत त्या वाचल्या. अंधार. पूर्वेला, भिंतीच्या तळाशी, उजेडाची बारीक रेघ.

चष्मा काढून त्यांनी पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कीबोर्डवर बोट नेलं.

तेवढ्यात अपू किंचाळत जागी झाली. वैदेही उठायला लागली, पण तिच्याआधी मामा उभे राहिले. लेकरू हातून निसटेल या भीतीने त्यांनी नातीला आजवर नुसतं मांडीवर घेतलं होतं, उचललं कधीच नव्हतं. आज मानेखाली हात घालून उचललं, खांद्याशी धरलं.

"तू बस," ते म्हणाले. "दार तू हुडकलंस."

"अहो पण मामा, इतकी वर्षं तुम्ही..."

"मी हाय की हितंच. काय दिसायलंय तेवढं सांगत जा."

अपूला झुलवत ते ओसरीवर गेले. वैदेहीने पूर्वेला जायचा हुकूम टाइप केला. नव्या मजकुराने पडदा वरपासून खालपर्यंत भरला. बाहेर रडणं जरा उतरलं, तसा मामांचा आवाज आला.

"काय दिसायलंय गं?"

"पायऱ्या आहेत, मामा. वर चाललेल्या. शेवाळ आहे म्हणतोय."

ओसरीवरच्या येरझारा थांबल्या.

"मग चपला हातात घे म्हणावं त्याला," मामा म्हणाले, "आन् भिंतीला धरून चढ म्हणावं."