राखाडी पंथ

कृष्णात फडतरेला त्याचा गुरू सापडला तो चित्रशाळेच्या कपाटात, मुखपृष्ठ फाटलेल्या एका जुन्या दिवाळी अंकात. साल चौऱ्याहत्तर. सांगलीतली ती चित्रशाळा हळदीच्या वखारीच्या माडीवर भरायची. खाली पोती हलली की वर पोरांचे केस, कागद आणि कपातला चहासुद्धा पिवळा व्हायचा. कृष्णात वडूजकडचा. वडील केरबा फडतरे फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, घरची कोरडवाहू जमीन. लहानपणी त्यानं देवळाच्या भिंतीवर मारुती काढला तेव्हा गावानं त्याला चित्रकार ठरवून टाकलं, आणि त्यानंही ते जरा जास्तच मनावर घेतलं.

शेवटच्या वर्षाच्या पोरांना मोहिते सरांनी जूनमध्येच सांगितलं होतं, "आजचा, हयात असलेला एक चित्रकार निवडा. त्याचं काम अभ्यासा. मग त्याच्यापासून प्रेरणा घेऊन परीक्षेला स्वतःची चित्रं करा. प्रेरणा म्हणजे नक्कल नव्हे, एवढं ज्याला कळलं तो पास."

हयात चित्रकारांची चित्रं सांगलीत बघायला मिळणार कुठं? म्हणून कपाट. त्या दिवाळी अंकात मुंबईच्या भास्कर देवस्थळींची मुलाखत होती आणि पानभर त्यांचं एक चित्र, नाव 'दुपार'. एक बाई, एक भिंत आणि भिंतीखाली आडवं पडलेलं एक जनावर. सगळं राखाडी. कृष्णातच्या अंगावर काटा आला. पुढं तो स्वतःच सांगायचा की काटा आला हे खरं, पण त्या दिवशी त्याला हिवतापही भरला होता.

"इलियास, बघ गड्या," त्यानं शेजारच्या मित्राला अंक दाखवला. इलियास मणेर तासगावचा, घरी बांगड्यांचं दुकान. "दुपार, आणि ती राखाडी! या माणसानं रंगाचा त्याग केलाय."

इलियासनं मुलाखत वाचली. "पण हितं तर ते म्हणत्यात, 'रंग हाच माझा धर्म'."

"रंग म्हणजे इथं अंतरंग," कृष्णात म्हणाला. कलेबद्दल बोलायचं असलं की त्याची भाषा आपोआप शुद्ध व्हायची.

लाल-हिरव्या काचेच्या राशीत वाढलेल्या इलियासला अंतरंगापुढं काही बोलायचा धीर झाला नाही. वर्गात कृष्णातनं 'दुपार'वर भाषण दिलं. त्या पडलेल्या जनावराच्या वेदनेवर तर तो इतका बोलला की मागच्या बाकावरच्या पोरीनं डोळ्याला पदर लावला. मोहिते सरांनीही देवस्थळींचं मूळ चित्र कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "राखाडीत एक वैराग्य आहे खरं." झालं. महिन्याभरात अख्खा वर्ग राखाडी झाला. काळ्या-पांढऱ्या नळ्या संपायच्या आणि बाकीचे रंग डब्यात वाळत पडायचे. कुणीतरी वर्गाला 'राखाडी पंथ' म्हणायला लागलं. कृष्णातला ते नाव आवडत नसल्याचं तो सगळ्यांना सांगायचा. नाव त्यानंच पाडलं होतं.

अशा अवस्थेत तो बेंदराला, म्हणजे तिकडच्या बैलपोळ्याला, गावी गेला.

दर वर्षी बैलांची शिंगं रंगवायचं काम त्याचंच. आई, शालूबाई, पुरण वाटत होती. केरबानं शिंगं तासून ठेवली होती. हिंगुळाची वाटी, बेगड, गोंडे असं सगळं ओसरीवर मांडलेलं. कृष्णातनं हिंगुळाकडे पाहिलं आणि सावकाश मान हलवली. चुलीतली राख, चुना आणि काजळी तेलात कालवून त्यानं रंग केला आणि पाखऱ्या-हरण्याची शिंगं बुडापासून टोकापर्यंत राखाडी करून टाकली. लांबून पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, देवस्थळी इथं असते तर त्यांनी खांद्यावर हात ठेवला असता.

देवस्थळी नव्हते. केरबा होता. तो फेटा बांधून बाहेर आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"ह्यो कसला रंग रं?"

"आबा, ही आधुनिक दृष्टी आहे."

"लढाईत बसऱ्याला गेलो तवा आमच्या बोटीला हुता ह्यो रंग," केरबा म्हणाला. "दुश्मनाला दिसू नाय म्हणून."

पण मिरवणुकीची हलगी वाजायला लागली होती, दुसरा रंग द्यायला वेळ नव्हता. लाल-हिरव्या शिंगांच्या रांगेत फडतऱ्यांची जोडी चालली. वेशीपाशी नाथाजी पाटील पुढं आले, केरबाचा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "केरबा, कोण गेलं रं घरात? कळीवलं बी न्हाई."

केरबानं हात सोडवून बैल पुढं हाकले.  घरी आल्यावर त्यानं हिंगुळाची वाटी उचलली आणि दिवस बुडेपर्यंत एकट्यानं दोन्ही बैलांची शिंगं लाल केली. आईनं पोळी वाढताना तेवढं म्हटलं, "तुला बरं वाटत नसंल तर सांग बाबा. देवऋषाकडं जाऊन येऊ." कृष्णातला ते कलावंताच्या वाट्याला येणारं एकटेपण वाटलं. त्यानं रात्री कंदिलाच्या उजेडात त्याच मिरवणुकीचं चित्र काढलं. अर्थात राखाडी.

दिवाळीनंतर बातमी आली की देवस्थळींचं प्रदर्शन पुण्यात भरतंय आणि ते स्वतः हजर राहणार आहेत. मोहिते सरांनी पोरांना घेऊन जायचं ठरवलं. कृष्णातनं बेंदराचं चित्र गुंडाळून वर्तमानपत्रात बांधलं. गाडीत तो खिडकीशी बसून देवस्थळींना काय म्हणायचं ते मनात घोळवत राहिला. 'सर, आपला त्याग मला समजला', इथून सुरुवात करावी असं वाटत होतं.

प्रदर्शनाच्या दारातच त्याचे पाय थांबले. भिंतींना आग लागल्यासारखी झाली होती. केशरी, पोपटी, राणी, कावीळ झालेल्या डोळ्यांना दिसेल तसं पिवळं. त्याला वाटलं दालन चुकलं.

"देवस्थळींचं प्रदर्शन कुठं हाय?" त्यानं दारावरच्या माणसाला विचारलं. शुद्ध भाषा त्याच्याही नकळत पळून गेली होती.

"हेच की."

आणि समोरच 'दुपार' होतं. तीच बाई, तीच भिंत. बाईचं लुगडं केशरी, भिंत पिवळीधमक. खाली आडवं पडलेलं जनावर मुळात जनावर नव्हतंच. ती वाळत टाकलेली गोधडी होती, लाल-निळ्या ठिगळांची, भिंतीवरून घसरून पडलेली.

मागून सगळ्या वर्गाची नजर आपल्या मानेवर आलेली कृष्णातला न वळताच समजली. गोधडीच्या वेदनेसाठी जिनं डोळे पुसले होते ती पोरगी सगळ्यात पुढं होती.

"काळ्या-पांढऱ्या छपाईचा विचार करायला हवा होता," मोहिते सर म्हणाले, जणू त्यांनी स्वतः तो केलाच होता.

कृष्णातनं गुंडाळी पाठीमागं लपवली. बाहेर सटकावं असा विचार तो करतोय तोवर इलियासनं घात केला. कोपऱ्यात स्वेटर घातलेला, ठेंगणा, चष्मेवाला माणूस बसला होता, त्याच्यापाशी जाऊन त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं: दिवाळी अंक, त्याग, अंतरंग, जनावर. तो माणूस म्हणजे देवस्थळी.

"कोण ते?" त्यांनी विचारलं. सगळ्या वर्गानं एकदम बोट दाखवलं. अशी एकी त्या वर्गात आधी कधी दिसली नव्हती.

देवस्थळींनी गुंडाळी मागितली. चित्र टेबलावर पसरलं आणि बराच वेळ पाहिलं. "बैलांची शिंगं राखाडी का?"

"खरीच तशी होती, सर."

"कुणी रंगवली?"

"मीच."

मग सांगावंच लागलं. बसऱ्याची बोट आली, नाथाजी पाटील आले, देवऋषी आला. सांगता सांगता कृष्णातच्या लक्षात आलं की लोक हसतायत, आणि आपल्यालाही हसू आवरत नाही. देवस्थळी तर चष्मा काढून डोळे पुसत होते.

"आमच्या कॉलेजात फ्रेंच चित्रकारांचं एक पुस्तक होतं," ते म्हणाले. "पानं जुनी होऊन तपकिरी पडलेली. आम्हाला वाटलं, तिकडे तपकिरी रंगाची क्रांती झालीय. आम्ही काही वर्षं फक्त तपकिरी चित्रं काढली. मग एकजण पॅरिसला जाऊन आला."

"मग, सर?"

"मग काय? इतका संताप आला की अजून केशरी वापरतोय." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "हा बैलाचा गुडघा बरा आलाय. ही पाठ नाही. पाठ माझ्या गोधडीची चोरलीय, आणि गोधडीच मुळात बरी नव्हती. तुमच्या पिशवीत भडंग आहे का हो? वास येतोय."

सांगलीहून आणलेलं भडंग सगळ्यांनी मिळून खाल्लं. देवस्थळी सगळ्यात जास्त खाऊन आपल्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले. ज्या गुरूपुढं कृष्णात नतमस्तक होणार होता, त्याच्या स्वेटरवर मुरमुरे सांडले होते.

परत आल्यावर आठवड्याभरात वर्ग केशरी झाला. काल वैराग्यावर बोलणारी पोरं आज उष्णतेवर बोलायला लागली. कृष्णातशी मात्र कुणी धड बोलेना. त्यानंही वाळलेल्या नळ्या कापून केशरी बाहेर काढला आणि बेंदराचं चित्र पुन्हा केलं.

"कसं झालंय?" त्यानं इलियासला विचारलं.

इलियासनं प्रामाणिकपणे पाहिलं. "लग्नाचा मांडव वाटतुया. बैल जेवायला आल्यागत."

त्यानंतर कृष्णातनं ब्रश धुवून ठेवले. पुढं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. राखाडी ही दुसऱ्याची चूक होती आणि केशरी हा दुसऱ्याचा राग. आपलं असं काय आहे, हे शोधायला गेलं की हाती काहीच लागायचं नाही, आणि हे त्याला कुणाला सांगताही येईना.

थंडीत तो गावी गेला. केरबा तापातून उठला होता. अंगणात घोंगडी पांघरून उन्हाला बसलेला, दाढीचे खुंट वाढलेले, शेजारी पत्र्याची बादली. कृष्णात ओसरीवर बसून नुसताच बघत होता. बघता बघता त्याला दिसलं की दाढीचा राखाडी बादलीच्या राखाडीहून निराळा आहे. घोंगडीचा आणखी निराळा, त्यात कुठं तांबूस लोकरही आहे. चुलीपाशी टाकलेली राख तर जवळजवळ निळी. इतके महिने त्यानं राखाडी घोटला होता आणि राखाडीकडं एकदाही पाहिलं नव्हतं. मागं आईचं हिरवं लुगडं दोरीवर होतं, भिंतीला गेरू होता, आणि ते जसे होते तसेच असायला त्यांची काही हरकत नव्हती.

"आबा, हलू नका."

"का? साप हाय व्हय?"

"चित्र काढतोय."

"पुन्यांदा?" केरबा म्हणाला, पण हलला नाही.

ते चित्र काढताना त्याला पुष्कळ वेळ देवस्थळींची आठवण झाली नाही. शेवटी डावा कान काढताना झाली. हे त्यांना आवडेल का, असं मनात आलं, आणि कान बिघडला. नंतर कितीही प्रयत्न केले तरी तो कान काही सुधारला नाही.

परीक्षेला कोल्हापूरहून परीक्षक आले. भिंतीच्या भिंती केशरी. ते केरबाच्या चित्रापुढं थांबले.

"प्रेरणा कुणाची?"

कृष्णातनं शुद्ध भाषेत काहीतरी तयार ठेवलं होतं, ते ऐन वेळी आठवेना. "छापखान्याची," तो म्हणाला.

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले. कृष्णात दुसऱ्या वर्गात पास झाला. शेरा होता, 'कान कमजोर'. इलियास पहिल्या वर्गात आला, केशरी बांगड्यांवर. कृष्णातला त्याचा हेवा वाटला आणि आनंदही झाला, त्याच क्रमानं.

निकालानंतर माडीवर मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा केरबा पहिल्या गाडीनं आला. कडक धुतलेला सदरा, फेटा, छातीवर पदक. कृष्णातनं त्याला चित्रापुढं नेलं आणि स्वतः जरा मागं उभा राहिला.  

केरबानं हात मागं बांधून चित्र पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं. मग त्याचा हात आपोआप हनुवटीवर गेला.

"दाढी वाढल्याली असतानाच काढलंस व्हय रं मला? आनि ही गावभर लोकं बघत्यात?"

"आवं आबा, दाढीच तर त्यात..."

पण केरबा जिना उतरून गेला होता. कृष्णात खिडकीतून बघत राहिला. फेटा हळदीच्या पोत्यांमधून वाट काढत बाजाराकडं दिसेनासा झाला. त्याला वाटलं, आबा आता थेट वडूजलाच जाणार.

तासाभरानं केरबा परत आला. गुळगुळीत दाढी, कानामागं साबणाचा फेस, तुरटीचा वास. तो येऊन आपल्या चित्राशेजारी ताठ उभा राहिला, फौजेत उभं राहायचा तसा, आणि तिथून हलायला तयार होईना. सांगलीतली एक बाई लेकीला घेऊन चित्रं बघत आली. तिनं चित्राकडं पाहिलं, मग केरबाकडं पाहिलं.

"अगबाई, हे कोण?"

"माझं थोरलं भाऊ," केरबा म्हणाला. "जरा गबाळं हाईत."

इलियासनं भिंतीकडं तोंड फिरवलं. बाईनं खात्री करायला कृष्णातकडं पाहिलं.

"व्हय," कृष्णात म्हणाला. "आमचं चुलतं."