बरणीतली दोन पानं

मी काचेची बरणी बोलतेय. मुरंब्यासाठी मला आणलं, पण मुरंबा लवकर संपला. नानांनी मला धुऊन उन्हात पालथी घातली आणि माझं कामच बदललं.

नाना घाटकोपरच्या एका शाळेत, प्रयोगशाळेत मदतनीस होते. त्यांची सून जानकी अंधेरीच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या जोडायची. हात हलका, म्हणून नव्या, नाजूक चिप तिच्याच टेबलावर आल्या; आणि तिथेच एकामागून एक मरू लागल्या. सुपरवायझर चंद्रप्रकाश म्हणाले, "हात नीट चालव. शनिवारपर्यंत फरक पडला नाही तर घरी बसावं लागेल."

"हात वायट नाय गो तुझो," नाना म्हणाले. "हातातसून काय जाता ता बघूक व्हया."

त्यांनी माझ्या बुचातून तांब्याची तार आत सोडली. टोकाला चंदेरी वर्खाची दोन पानं टांगली. केसांत फिरवलेला कंगवा तारेला लावला, पण पानं जेमतेम हलली. घरातली हवा दमट, घर्षणाची वीज टिकेना. मग मला स्टोव्हजवळ शेकवलं, कंगवा पुन्हा लावला, आणि पानं एकमेकांपासून दूर झाली.

"दोघांवर विजेचा एकाच जातीचा प्रभार, म्हणून ढकलतात," नाना म्हणाले.

"आणि वेगळा असला तर?"

नानांनी रेशमावर घासलेली काचेची नळी तारेजवळ आणली. पानं मिटली. "विरुद्ध प्रभार ओढतात. पानांवरचो वर खेचलो गेलो."

जानकीने तो खेळ पाच-सहा वेळा करायला लावला.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून कारखान्यात गेले. तिथली एसीची हवा गार आणि कोरडी. जेवणाच्या सुट्टीत जानकी नायलॉनच्या साडीत प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठली आणि तिने तारेला बोट लावलं. माझी पानं ताडकन फाकली. मग तिने अर्थिंगच्या पट्टीला हात लावून पुन्हा तारेला बोट लावलं. पानं खाली. अंगावर साठलेली वीज जमिनीत गेली; हीच वीज बोटातून जाऊन चिप मारत होती.

चंद्रप्रकाश मागे उभे होते. "हे काय चाललंय?"

"सर, तुम्ही खुर्चीवरून उठा आणि इथे बोट लावा."

त्यांनी लावलं. पानं तेवढीच फाकली. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. प्रत्येक चिप हातात घेऊन, तपासून जानकीकडे तेच पाठवत.

"शनिवारचं विसर," ते हळूच म्हणाले.

महिन्याभरात प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा आला, पट्ट्यातून निघालेली तार अर्थिंगला. चिप मरायच्या जवळजवळ थांबल्या. आता नव्या मुलींना जानकीच शिकवते.

मी शिकवणीच्या खोलीत कपाटावर आहे. मागच्या साफसफाईत माझं एक पान तुटलं. उरलेल्याला ढकलायला कोणी नाही, ते नुसतं लोंबतं. तुम्ही इथे आलात तर वर्खाचा तुकडा घेऊन या. अजून कोणाच्या तरी हातावर आळ येईल, तेव्हा मी तयार असायला हवी.