हेलसिंकी कसं वाटलं?

ओमानमधल्या सोहारच्या मराठी मंडळींची एक पद्धत होती. कुणी भारत सोडून तिसऱ्याच देशात सुट्टी घालवून आलं, की परतल्यावरच्या एका शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं. गेलेल्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून फोटो दाखवायचे आणि बाकीच्यांनी मिसळ खाता खाता "तिकडे कोथिंबीर मिळते का हो?" असले प्रश्न विचारायचे. सिंगापूर झालं, तुर्कस्तान झालं, स्वित्झर्लंड तर तीनदा ऐकून झालं. हेलसिंकी मात्र कुणीच केलं नव्हतं. म्हणून दोन हजार सोळाच्या जुलैत टिपणिसांची पाळी आली, तेव्हा यजमान तेजश्रीच्या दाराबाहेर चपला काढायला जागा उरली नाही.

नयना टिपणीस टीव्हीशेजारी उभी राहिली. बोलण्यात ती आजवर कुणाला हार गेली नव्हती, आज तर रीतसर आमंत्रण होतं.

"पहिलं काय वाटलं सांगू? वाटलं, या गावात माणसंच राहत नाहीत," ती म्हणाली. "राजधानी म्हणे. आम्ही शुक्रवारी उतरलो तर दुकानं बंद, रस्ते ओस. रमजानात दुपारी आपलं सोहार असतं ना, अगदी तसं. मग हॉटेलवाली म्हणाली, आज आमचा उन्हाळ्याचा सण, सगळे गावाकडे तळ्यावर गेलेत. आता बोला. मी दोन दिवस रेडी टू ईट पोहे खाल्ले."

लोक हसले. मग तिने रात्री साडेदहाचं ऊन दाखवलं. कॉफीच्या दुकानाबाहेर बाबागाडीत एकटं झोपलेलं तान्हं बाळ दाखवलं, तेव्हा बायका हळहळल्या. ट्राममध्ये शेजारी बसलेला माणूस शेवटच्या स्टॉपपर्यंत तोंड कसं उघडत नाही, याची तिने नक्कल केली. शेवटी रेवाचा फोटो आला. पंधरा वर्षांची लेक ट्रामच्या पायरीवर एकटीच उभी होती. इथे रेवाला कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, दूध आणायचं तरी बाबा गाडी काढायचा, कारण बाहेर पंचेचाळीस डिग्री. तिकडे पोरगी तिसऱ्या दिवशी एकटी लायब्ररीत जाऊन आली आणि येताना आईसाठी स्ट्रॉबेरी घेऊन आली. हे सांगताना नयनाचा आवाज जरा जड झाला. ऐकणाऱ्यांना वाटलं, आईचं कौतुक.

मागच्या सोफ्यावर गुरुदत्त टिपणीस मिसळीची वाटी हातात धरून बसला होता आणि दर दोन मिनिटांनी फोन बघत होता. तो कशाची वाट बघतोय हे त्या हॉलमध्ये फक्त नयनाला आणि रेवाला ठाऊक होतं.

टिपणीस हेलसिंकीला काही हवा खायला गेले नव्हते. मार्चमध्ये गुरुदत्तला कारखान्यात बोलावून सांगण्यात आलं की डिसेंबरपासून त्याच्या जागी ओमानी इंजिनियर येणार. त्या इंजिनियरला चार वर्षं गुरुदत्तनेच शिकवलं होतं. राग कुणावर धरणार? देश त्यांचा, पोरं त्यांची शिकलेली. गुरुदत्तने मान डोलावली आणि घरी येऊन पंख्याकडे बघत पडून राहिला. तेवढ्यात नशिबाने एक दार किलकिलं झालं. कारखान्यातली मोठी यंत्रं ज्या फिनलंडच्या कंपनीची होती, तिला आखातातली गिऱ्हाइकं सांभाळायला माणूस हवा होता, हेलसिंकीत बसून. व्हिडिओवरच्या दोन मुलाखती पार पडल्या. तिसऱ्या मुलाखतीला समोर बोलावलं. नयनाने लगेच तिघांची तिकिटं काढायला लावली. जिथे राहायचंय ते गाव बघायला नको?

हे काम मिळालं नाही तर काय, हे तिला पाठ होतं. तो आखातात मिळेल तिथे एकटा, आणि ती रेवाला घेऊन पुण्याला सासूबाईंकडे. लग्नानंतरची पहिली चार वर्षं तिने तशी काढली होती. तो सोहारजवळच्या सहमला एका खोलीत पाच जणांबरोबर, ती कोथरूडला तान्ह्या रेवाबरोबर, आणि नवरा म्हणजे शुक्रवारचा फोन. सोहारला आली त्या दिवशी तिने स्वतःला बजावलं होतं, पुन्हा म्हणून असलं जिणं जगायचं नाही. बारा वर्षं तिने ते निभावलं होतं.

निभावलं होतं म्हणजे कसं, तेही सांगायला हवं. गुरुदत्त कामाला वाघ, पण तोंडाने मुका. त्याची कामं अडू नयेत म्हणून नयना रदबदली करायची. दिवाळीला मॅनेजरच्या घरी काजूकतली, ईदला अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, घरी मोठा केक, रेवाच्या शाळेच्या प्रवेशाला कुणाला तरी फोन. गुरुदत्तला बढती मिळाली ती कामामुळे की काजूकतलीमुळे, याबद्दल तिचं मत ठाम होतं आणि ती ते चारचौघांत सांगायचीही. गुरुदत्त तेव्हा हसायचा. निदान ओठ तरी तसे करायचा.

हेलसिंकीतली मुलाखत मंगळवारी झाली. मुख्य बाईंनी नंतर त्याला स्वतः कॉफी पाजली आणि म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात समितीची सही झाली की कळवते, मला काळजी वाटत नाही. गुरुदत्त हॉटेलवर आला तो शीळ घालत. चार महिन्यांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला. आणि तेव्हाच नयनाने बॅगेच्या तळातून तिची तयारी बाहेर काढली. काचेच्या चौकटीत बसवलेला चांदीचा खंजीर आणि सोबत ओमानी हलव्याचं मोठं भांडं. सोहारमध्ये निरोप समारंभाला मोठ्या साहेबांना देतात तसलं, दुकानात उभं राहून घासाघीस करून घेतलेलं.

"उद्या देऊन ये बाईंना," ती म्हणाली.

"नयना, इथे हे चालत नाही. निर्णय होईपर्यंत काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, अशा कागदावर सही केलीय मी."

"असले कागद सगळीकडे असतात रे. देणाऱ्याने द्यायचं असतं."

"नको म्हटलं ना." तो एवढंच म्हणाला आणि दिवे मालवायला उठला, तर बाहेर ऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो समोरच्या बेटावरच्या किल्ल्याची बोट बघायला बंदरावर गेला आणि नयना रेवाला घेऊन कंपनीच्या ऑफिसात. रिसेप्शनवरच्या मुलीने ते खोकं हातात न घेता आधी नुसतं पाहिलं. मग विचारलं, कुणाकडून? नयनाने पर्समधून कार्ड काढलं आणि ठळक अक्षरांत गुरुदत्तचं नाव लिहिलं. खाली इतक्या वर्षांच्या अर्जांची सवय म्हणून लिहिलं, 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन.' रेवा तिची बाही ओढत होती.

"मम्मा, बाबा नको म्हणाला ना. प्लीज, डोन्ट."

"बाबाला काय कळतंय त्यातलं. आणि त्याला सांगायचं नाही."

त्या गोष्टीला आता नऊ दिवस झाले होते.

"मग, काम-बिम मिळतं का हो तिकडे आपल्या लोकांना?" तेजश्रीने विचारलं आणि नयना उत्तर द्यायला वळली, तेव्हा सोफ्यावर गुरुदत्त नव्हता. तो बाल्कनीत उभा होता, त्या भट्टीसारख्या उन्हात, पाठमोरा. पाच मिनिटांनी आत आला, उरलेली मिसळ संपवली, वाटी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि सगळ्यांचा हसून निरोप घेतला.

गाडीत बसल्यावर त्याने फोन मागच्या सीटवर रेवाला दिला. "वाच. आईला कळेल असं, मराठीत सांग."

रेवाला इंग्रजीतून मराठीत यायला नेहमीच वेळ लागायचा. "ते म्हणतात की... तू त्यांचा फर्स्ट चॉइस होतास, बाबा. सगळ्यांनी... म्हणजे सगळे ॲग्री होते. पण डिसिजनच्या आधी त्यांना एक गिफ्ट मिळालं, तुझ्या नावाचं. आणि कार्डवर आधीच थँक्यू लिहिलं होतं. रूल आहे, म्हणून त्यांना तुझं ॲप्लिकेशन क्लोज करायला लागलं. गिफ्ट कुरियरने परत पाठवलंय. बाई म्हणतात, त्यांना पर्सनली खूप वाईट वाटतंय."

गुरुदत्तने आरशातून मागे बघत विचारलं, "तू होतीस बरोबर?"

"हो," रेवा म्हणाली आणि रडायला लागली.

"मी आपल्या भल्यासाठीच केलं, गुरू," नयना म्हणाली. "त्यांना लिही ना, बायकोने परस्पर केलं म्हणून. मी लिहू का?"

"तू काही लिहू नकोस."

त्याने लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की आमचा तुमच्यावर विश्वास आहे, पण नियमाला अपवाद नाही. तेवढ्यावर विषय खलास झाला. नयना वाट बघत राहिली की हा आता ओरडेल, मग ओरडेल. ओरडला असता तर तिने पाय धरले असते. हा बाबा नेहमीसारखा ऑफिसला जायचा, नेहमीसारखा भाजी आणायचा. कुरियरने आलेलं खोकं त्याने न फोडता माळ्यावर टाकलं. नयना आतल्या आत जळत होती. आपल्या हाताने संसार मोडला, आणि कुणी साध्या शिव्याही घालत नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याला ओमानातच, रुस्ताकला, एका खडीच्या कारखान्यात काम मिळालं. त्याने जेवताना सांगितलं, "डिसेंबरात तिकडे जॉइन होतो. कॅम्पमध्ये खोली आहे, बॅचलर. फॅमिली नाही देत ते. तुम्ही दोघी पुण्याला जा, रेवाची दहावी झाली की लगेच."

नयनाने घास तसाच ठेवला. "एका खोलीत राहीन मी. पत्र्याच्या राहीन."

"नाही देत म्हटलं ना," तो म्हणाला आणि भात कालवू लागला.

आठ दिवस ती गप्प बसली, तिच्या मानाने फार झालं. नवव्या दिवशी तो कारखान्यात असताना तिने रुस्ताकच्या कंपनीत फोन लावला. तिथे माणसं भरतीचं काम बघणारे बाबामियाँ नावाचे हैदराबादचे गृहस्थ होते. बोलायला फार अदबीचे. नयनाने गयावया केली. छोटंसं घर द्या, मुलीचं शिक्षण आहे, मी तिथल्या शाळेत शिकवीन, काहीही करीन.

"भाभीजी," बाबामियाँ बिचारे गोंधळून म्हणाले, "हमने तो दो कमरे का क्वार्टर रखा था आप लोगों के लिए. साहब ने ही मना कर दिया. बोले, मैं अकेला ही रहूँगा."

नयना फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली. गॅसवर दूध उतू गेलं ते रेवाने येऊन बंद केलं.

संध्याकाळी गुरुदत्त घरी आला, बूट काढायला खुर्चीवर बसला. नयना समोर येऊन उभी राहिली. तिने ठरवलं होतं शांतपणे विचारायचं, पण आवाज फुटलाच.

"क्वार्टर देत होते ते. तूच नको म्हणालास. माझ्याशी खोटं बोललास?"

त्याने बुटाची नाडी सोडली. "हो. मीच नको म्हटलं."

"एवढं काय केलं मी? चुकले, शंभरदा चुकले. पण म्हणून घर मोडायचं? का, गुरू?"

गुरुदत्तने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. खूप दमलेल्या माणसासारखं.

"बाबामियाँचा नंबर तुला कुणी दिला?"

"तुझ्या फोनमधून घेतला. सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा."

"म्हणून," गुरुदत्त म्हणाला आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागला.