डेमो फ्रिजमधलं दही

"मावशी, आज परत ताक?" रोहितने पँट्रीच्या दारातून विचारलं आणि पेला हातात घेत स्वतःच उत्तर दिलं, "म्हणजे आजबी यान उडालं नाही."

"नाही उडालं," गोपिकाबाई म्हणाल्या. "कुठून तरी गळून राहिलं म्हणते. खालीच समजलं हे बरं झालं, वर गेल्यावर कोण पाहाले जातं? पी गुमान. जिरं टाकलं आहे."

धरमपेठेतल्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममधल्या पोरांना या महिन्यात अंतराळाच्या बातम्या पाहायला मोबाईल उघडावा लागत नसे. आपल्या देशाचा एक जण अंतराळ स्थानकात जाणार होता आणि त्याचं उड्डाण काही ना काही कारणाने पुढे जात होतं. कधी हवा खराब, कधी गळती. उड्डाण पुढे गेलं की गोपिकाबाई ताक वाटत. एसी विभागातल्या एकाने तर यान अख्खा उन्हाळा थांबलं तरी आपली हरकत नाही असं जाहीर करून टाकलं होतं.

गोपिकाबाईंचं काम पुसण्याचं. गिऱ्हाईक टीव्ही पाहायला येतं आणि बोटांनी पाहतं. फ्रिजच्या काळ्या काचेवर तर माणसं असा हात फिरवतात की जणू म्हैस विकत घेताहेत. ते सगळे ठसे दिवसभर पुसत राहायचे आणि दुकान असं ठेवायचं की आजवर इथे कोणी पाऊलच टाकलं नाही, हे बाईंनी वर्षानुवर्षं केलं होतं, आणि दुकानात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, त्यांच्यासारखी काच कोणाला जमली नाही. एकदा जमिनीवर आपोआप फिरून कचरा ओढणारं चकतीसारखं यंत्र विकायला आलं, तेव्हा "मावशी, आता तुमचं काम गेलं," म्हणून रोहितने चिडवलं. बाईंनी आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवली. "कोपऱ्यात जात नाही," त्यांनी निकाल दिला, "अन् सोफ्याखाली अडकलं का रडते." तेव्हापासून त्या रोज त्याला सोफ्याखालून ओढून काढत, झटकत आणि चार्जिंगला नेऊन ठेवत.

शोरूमची एक भिंत टीव्हींची होती. रंग उठून दिसतात म्हणून मॅनेजर अंकित सर तिथे बहुतेक वेळा अंतराळाची चित्रं लावत असे. त्यामुळे शनीची कडी, मंगळाची लाल माती, सगळ्यांवरून गोपिकाबाईंचं फडकं फिरलेलं होतं. आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी त्या नेमक्या स्टुलावर चढून सगळ्यात मोठा टीव्ही पुसत होत्या. यान खाली येताना दिसलं तसं त्यांनी फडकं चटकन मागे घेतलं, त्याच्या वाटेत यायला नको म्हणून.

हा नवा पोरगा स्थानकात जाणार हे कळल्यावर त्यांनी रोहितला बरंच काही विचारून घेतलं होतं.

"ते स्थानक दीड तासात पृथ्वीला एक चक्कर मारते, मावशी."

"दीड तासात? मनीषनगरहून इथं याले मले तेवढाच वेळ लागते, बस बदलून." मग त्यांनी विचारलं, "अन् निघताना त्याच्या मायनं हातावर दही ठेवलं असन का रे?"

"कायचं दही! निघायच्या आधी त्याईले लई दिवस सगळ्याईपासून वेगळं ठेवते. घरच्याईले काचेमागून दाखवते. वर आजार जाऊ नये म्हणून."

काचेमागून दाखवणं गोपिकाबाईंना पटलं नाही. काच म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. त्याच दुपारी त्यांनी चहाच्या दुधातलं उरलेलं दूध घरून आणलेल्या झाकणाच्या वाटीत विरजलं. आपण इथून त्याच्या नावाने दही ठेवायचं, पोचायचं तसं पोचेल. नागपूरच्या जूनमध्ये दही डोळा लवेपर्यंत लागतं आणि दुसरा डोळा लवेपर्यंत आंबतं, म्हणून ते थंड जागी ठेवणं भाग होतं. पँट्रीतला फ्रिज कधीचा बंद. मात्र बाहेर गिऱ्हाइकाला दाखवायचा एक मोठा फ्रिज कायम सुरू असे. त्यात प्लास्टिकची सफरचंदं, प्लास्टिकची द्राक्षं आणि रंगीत पाण्याच्या बाटल्या होत्या. एका कप्प्यावर दह्याच्या वाटीचं चित्र चिकटवलेलं होतं. वाटी कुठे ठेवायची हे कंपनीनेच दाखवून दिलं आहे, असं समजून बाईंनी ती तिथे ठेवली. उड्डाण पुढे गेलं की ते दही ताकात जाई आणि नवं विरजण लागे.

घरी मात्र दह्याची गोष्ट निराळी चालली होती.

मनीषनगरच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत त्या आणि त्यांची मुलगी दामिनी, अशा दोघीच राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दामिनीने आयटीआय केलं आणि बंगळूरजवळच्या एका मोबाईल बनवणाऱ्या कारखान्यात तिला काम मिळालं. विदर्भातल्या मुलींची एकेक तुकडी दर आठवड्याला निघत होती. पहिल्या तुकडीबरोबर जायच्या सकाळी गोपिकाबाईंनी दह्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं.

"आंबट झालं वं. आंबट दह्यावर निघत नसते."

त्यांच्या घरात हातावर दही घेतल्याशिवाय कोणी प्रवासाला निघालेलं नव्हतं. दामिनीचे वडील नुसते अमरावतीला निघाले तरी उंबऱ्याशी हात पुढे करत. पण आंबट दह्याचा हा नियम दामिनीने पहिल्यांदाच ऐकला.

"कोणाचा नियम हा?"

"माह्या मायचा."

आजी कधीच वारली होती, त्यामुळे खातरजमा कुठे करणार? दामिनी पुढच्या तुकडीवर थांबली. त्या सकाळीही दही आंबट निघालं. गोपिकाबाईंनी वर अंतराळात जाणाऱ्या पोराचा दाखला दिला. "त्याचं पाय. एवढं मोठं यान, तेबी थांबलं. तुले कायची घाई?"

शेवटच्या तुकडीच्या आदल्या दिवशी दामिनी आईसमोर मांडी घालून बसली.

"उद्याची शेवटची आहे, आई. मग माह्या जागी दुसरी घेते. तू एकदा तोंडानं म्हण, नको जाऊ. मी नाही जात. पण दह्यावर कायले ढकलून राहिली?"

गोपिकाबाई उठल्या आणि आधीच घासलेली कढई घासायला घेतली. "नको जाऊ" हे शब्द रोज त्यांच्या ओठांवर येत होते. ते म्हटले की ही पोर खरंच थांबेल, एका शब्दाने तक्रार करणार नाही आणि आयुष्यभर थांबलेलीच राहील, याचंच त्यांना भय वाटत होतं. आणि "जा" म्हणायचं, तर त्या दोन खोल्यांत उद्यापासून कोणाशी बोलायचं, याचंही तेवढंच भय होतं. म्हणून त्या कढई घासत राहिल्या. सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर कामावर निघाल्या. दामिनी तेव्हा बॅगेची चेन लावत होती.

त्या दिवशी उड्डाण दुपारी बाराच्या सुमारास होतं आणि या वेळी कुठेही काही गळत नव्हतं. रोहितने भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर तेच लावलं होतं. पांढरं, उंच यान धूर सोडत उभं होतं. गोपिकाबाई स्टुलावर चढून काच पुसत होत्या, आणि खाली अंकित सर अरुंधतीबाई नावाच्या गिऱ्हाईक बाईंना तोच मोठा फ्रिज दाखवत होता.

"मॅडम, यात दही लावायचा वेगळा कप्पा आहे. उन्हाळा असो, हिवाळा असो, एकसारखं दही. बटण दाबायचं आणि विसरून जायचं."

"सगळे असंच सांगतात," म्हणत अरुंधतीबाईंनी कप्पा ओढला आणि त्या थबकल्याच. "अगंबाई! तुम्ही खरंच लावून दाखवता?"

आत स्टीलची वाटी होती. त्यांनी झाकण उचललं. दही असं लागलं होतं की वाटी उलटी केली तरी हललं नसतं. अंकित सरने वाटीकडे पाहिलं, मग फ्रिजकडे पाहिलं. तो हाडाचा सेल्समन होता. तो म्हणाला, "हो मॅडम. डेमो."

"वा! मग हाच घेते मी. जरा चव बघू?"

"नका बाई! हात नका लावू त्याले!"

गोपिकाबाई स्टुलावरून उतरल्या. गप्प राहिल्या असत्या तर फ्रिज खपला असता आणि कोणाला काही कळलं नसतं, हे त्यांना समजत होतं. पण ते दही कोणी उष्टं करणं त्यांना चालणार नव्हतं, आणि आपल्या हातच्या दह्याचं नाव मशिनला जाणंही त्यांना फारसं रुचलं नसावं.

"ते मशिनीनं नाही लावलं. मी लावलं, चहाच्या दुधाचं. इथं नुसतं थंड राहावं म्हणून ठेवलं. साहेबाईले काही माहीत नाही, त्याईले बोलू नका."

अंकित सरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अरुंधतीबाईंनी विचारलं, "अहो, पण कोणासाठी?"

गोपिकाबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. "त्याच्यासाठी. जाऊन राहिला तो आज. त्याची माय काचेमागं आहे, तिले काही देता येत नाही."

कोणी काही बोलायच्या आत दारापाशी बॅग टेकवल्याचा आवाज झाला. दामिनी आत येऊन उभी होती. बाहेर स्टेशनला निघालेल्या रिक्षात तिच्याबरोबरच्या मुली वाट पाहत होत्या. ती सरळ पुढे आली, तिने अरुंधतीबाईंच्या हातातली वाटी घेतली आणि कडेवर कोरलेलं नाव वाचलं. चि. दामिनी. तिच्या पहिल्या वाढदिवसाला मामाने दिलेली वाटी होती ती.

"गोड आहे का वं हे?"

गोपिकाबाई फडक्याची घडी करू लागल्या.

"याच्यासाठी गोड लागते. अन् घरचं तेवढं आंबते. काहून?"

"त्याले पाठवणं सोपं आहे, माय," गोपिकाबाई खाली पाहत म्हणाल्या. "तो माह्या पोटचा नाही."

दामिनीला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू आलं. "मग सांगाचं नाही का? मी का दगड आहे? मलेबी भेव वाटून राहिलं."

"तुले?"

"मग? आजवर एक रात्र तुले सोडून राहिली का मी?"

पोरीलाही भीती वाटत असेल हे गोपिकाबाईंच्या डोक्यात आलंच नव्हतं. महिनाभर आपली भीती दह्याखाली झाकून ठेवताना तिच्याकडे नीट पाहिलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. आणि भीती वाटत असूनही पोर बॅग भरून दारात उभी आहे, हे पाहून ऊर भरून आला.

"मावशी! सुरू झालं!" रोहित ओरडला आणि त्याने आवाज वाढवला. सगळ्या टीव्हींवर एकदमच उलटी गिनती सुरू झाली. गोपिकाबाईंनी पटकन वाटी सगळ्यात मोठ्या टीव्हीपुढे स्टुलावर ठेवली आणि पदर खांद्यावर घेऊन हात जोडले. यान उठलं. भिंतभर ज्वाळा पसरल्या, काचेची कपाटं थरथरली, आणि दुकानातली सगळी माणसं, गिऱ्हाईक धरून, टाळ्या वाजवू लागली. अंकित सरही वाजवत होता. यानाचा ठिपका होईपर्यंत गोपिकाबाईंनी हात खाली केले नाहीत.

"नीट जाजो गा बापा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वाटी उचलली. पँट्रीतून साखर आणायला रोहितला सांगावं लागलं नाही, तो आधीच डबा घेऊन उभा होता. दामिनीने उजवा हात पुढे केला. गोपिकाबाईंनी चमचाभर दही तिच्या तळहातावर ठेवलं. थेंबही खाली सांडला नाही.

"जा," त्या म्हणाल्या. मग हा शब्द फारच छोटा वाटल्यामुळे पुढे म्हणाल्या, "जेवत जाजो. अन् फोन करजो."

"फोनच तर बनवाले चालली, आई," दामिनी हात चाटत म्हणाली. बाहेर रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. तिने वाकून आईच्या पायांना हात लावला, बॅग खांद्यावर घेतली, काचेचं दार ढकललं आणि ती गेली. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

अरुंधतीबाईंनी डोळे टिपले. फ्रिज आपण घेणारच आहोत, पण विरजण मात्र या बाईंचं हवं, असं त्यांनी अंकितला बजावलं. बिल करायला नेताना तो गोपिकाबाईंपाशी थांबला. रागवायचं काय काय ते त्याने मनात जुळवलं असावं, कारण तोंड एकदा उघडून त्याने परत मिटलं.

"पँट्रीतला फ्रिज उद्या दुरुस्त करून घेतो, मावशी," तो म्हणाला.

दुपारी गोपिकाबाईंनी टीव्हींची भिंत पुसली, मग फ्रिजची काच. कप्प्यात वाटीने उमटलेला गोल वळही पुसला. शेवटी फडकं घेऊन त्या दारापाशी गेल्या. काचेवर दामिनीच्या हाताचा पंजा उठला होता, पाची बोटं, दह्याने पांढरी. उन्हाने तो वाळून काचेला धरला होता.

त्यांनी पंजाच्या डावीकडची काच पुसली, मग उजवीकडची, मग वरची आणि खालची.

"मावशी, दार राहिलं वाटते," रोहित गल्ल्यावरून म्हणाला.

"हाव," गोपिकाबाई म्हणाल्या आणि फडकं खांद्यावर टाकलं. "संध्याकाळी पुसते. तिची गाडी निघाल्यावर."