मैमुनाबीनं ऐकलेलं जेनोआ

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर आहे, आणि जुना आहे हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर माझी तुटकी अँटेना बघून हसायला नको. काळा रंग, दोन स्पीकर, मधे कॅसेटचा कप्पा आणि वर बटणांची रांग. त्यातलं एक बटण लाल. ते दाबलं की मी समोरचा आवाज टिपून घेतो. खरं-खोटं मला कळत नाही. जे कानावर पडेल ते कॅसेटच्या पट्टीवर उतरवायचं, एवढंच माझं काम.

माझं आयुष्य सुरू झालं दुबईत, देऱ्यातल्या एका दुकानाच्या काचेमागे. तिथून मला इद्रीसभाईंनी सतव्यातल्या आपल्या घरी आणलं. ते मूळचे रत्नागिरीकडचे. दुबईच्या बंदरात टगबोटीवर सारंग होते. मोठमोठी जहाजं ओढून धक्क्याला लावायची, हे त्यांचं काम. घरात बायको मैमुनाबी, मुलगा यहया आणि धाकटी मुनिबा. मुनिबा ऊद मेथा भागातल्या शाळेत जायची आणि मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत द्यायची.

त्या काळी आखातातली माणसं पत्र लिहीत बसत नसत, कॅसेट भरून पाठवत. ए बाजूला एकानं बोलायचं आणि बी बाजूला दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. मैमुनाबी माझ्यासमोर बसली की तासभर हलायची नाही. इद्रीसभाईंचं मात्र उलट. समुद्रावर भोंग्याच्या वरताण ओरडणारा हा माणूस माझ्यासमोर आला की घसा खाकरायचा आणि "सलाम सांग माझा" म्हणून सटकायचा. यंत्राशी काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं.

१९९५ साली यहया जहाजं कशी बांधतात ते शिकायला इटलीतल्या जेनोआला गेला. बापानं ही बातमी सतव्यापासून गावापर्यंत सगळ्यांना सांगितली. आणि मग घरात कॅसेट येऊ लागल्या. पोरगं हुशार! नुसतं बोलायचं नाही. लहान रेकॉर्डर हातात घेऊन जुन्या शहरात हिंडायचं आणि आईला एकेक मोहल्ला ऐकवायचं.

"अम्मी, हा मोलो. मोठं चर्च इथंच, त्याच्या मागे माझी खोली. ऐक." मग घंटा वाजायची, जाड आवाजाची, आणि शेवटच्या ठोक्यानंतर घुमत राहायची. पुढच्या कॅसेटमध्ये मादालेना. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, असं तो सांगायचा. पावलांचा आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. चांभाराची हातोडी ऐकू यायची, वरच्या खिडकीतून कुणीतरी बाई कुणालातरी झापत असायची.

"हिला काय झालंय एवढं?" मैमुनाबी कांदा चिरता चिरता विचारायची.

"नवरा असेल," इद्रीसभाई म्हणायचे.

बंदराला लागून असलेला प्रे नावाचा मोहल्ला यहयानं एकदाच ऐकवला. गरिबांचा, परदेशातून आलेल्या खलाशांचा आणि मजुरांचा. "इथं कुणी राहत नाही अम्मी, नाइलाज असेल तरच," असं म्हणून तो पुढे गेला होता.

दीड-दोन वर्षांत मैमुनाबीला जेनोआ पाठ झालं. शेजारच्या झुबेदाला ती टेबलावर बोट फिरवून सांगायची, "इथं चर्च. इथून डावीकडे चांभार. खाली उतरलं की मासळीवाला, बोंबलतो नुसता, आपल्या हर्णैच्या बाजारासारखा." झुबेदानं विचारलं, "तू कधी गेलीस गो?" तर म्हणाली, "जायला कशाला पाहिजे? कान आहेत ना."

मग १९९७ चा उन्हाळा आला. एक कॅसेट आली. यहयाचा आवाज नेहमीसारखाच हसरा. "सगळं छान चाललंय अम्मी. अभ्यास फर्स्ट क्लास. खोली तीच, मोलोमधली. आता खिडकीत बसूनच बोलतोय."

मैमुनाबीनं तवा खाली उतरवला. "अहो, घंटा कुठाय?"

"वाजली नसेल."

"अर्धा तास बोलला की हो तो! दर पंधरा मिनिटांनी वाजते ती घंटा. मला विचारा." तिनं पट्टी मागे नेली आणि पुन्हा लावली. घंटा नव्हती. यहयाच्या आवाजामागे लांबवर एक भोंगा वाजला. एक लांब, दोन तोकडे.

इद्रीसभाई चहा पीत होते. कप हातातच राहिला. "परत लाव."

आता नीट ऐका मित्रांनो, कारण चूक इथंच झाली. मैमुनाबीनं पट्टी पुन्हा मागे नेली. नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावर, हात माझ्या डोक्यावर. आणि घाईघाईत बोट पडलं ते लाल बटणावर. चाकं फिरू लागली, आवाज काही येईना. तिला वाटलं, पट्टी अजून मागेच जातेय. मी मात्र माझं काम सुरू केलं. यहयाचं बोलणं पुसत गेलो आणि त्या जागी या दोघांचं लिहीत गेलो.

"तो टगचा भोंगा आहे," इद्रीसभाई म्हणाले. "जहाज धक्क्याला लावतायत. म्हणजे खोली बंदराला चिकटून आहे. मोलो नाही तो, प्रे आहे. पोरगं खोटं बोलतंय, मैमुना."

"या अल्ला! म्हणजे परीक्षा..."

"गेली असेल. ती खोलीही गेली असेल. कुठं भांडी घासत असेल, कुणास ठाऊक."

मैमुनाबी रडू लागली. "मग बोला ना त्याच्याशी! या कॅसेटवर बोला. सांगा, घरी ये म्हणून."

"नको. त्यानं सांगितलं नाही, तर आपल्याला कळलंय हे त्याला कशाला कळवायचं? लाजेल. अगो, बोट रुतलीय, बुडली नाही. रुतलेल्या बोटीला ओढत नाहीत, तळ फाटतो. भरतीची वाट बघायची. मी गावभर सांगत सुटलो, तेच चुकलं माझं. माझ्या तोंडाला भिऊन पोरगं तिकडं एकटं बसलंय. जहाज नको बांधू म्हणावं, पण ये. त्याची खाट मी रोज झटकतो, तुला माहीत नाही."

मैमुनाबीनं डोळे पुसले आणि कट्कन मला बंद केलं. कॅसेट उलटून बी बाजूला ती म्हणाली, "आम्ही मजेत. तू जेवत जा. अब्बा सलाम सांगतायत." दुसऱ्या दिवशी कॅसेट जेनोआला गेली.

पुढे बरेच दिवस काही आलं नाही. मैमुनाबी मला रोज फडक्यानं पुसायची आणि कप्पा उघडून बघायची, जणू कॅसेट मीच आतल्या आत तयार करणार होतो.

मग एका दुपारी दार वाजलं. दारात यहया. गालफडं बसलेली, हातांना साबणानं भेगा पडलेल्या. "अम्मी, ए बाजू ऐकली मी," एवढंच बोलला. खोटं बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते लक्षात ठेवावं लागतं ना? पुढच्या कॅसेटला मेळ बसावा म्हणून त्यानं आपलंच बोलणं लावून ऐकलं होतं. आणि ऐकू आला बाप.

इद्रीसभाई कामावरून आले. पोराला बघितलं. घसा खाकरला आणि म्हणाले, "यल्ला, हातपाय धू. जेवायला बस." त्यांनी परीक्षेचं नाव काढलं नाही. यहयाच बोलला, सगळं बोलला, आणि त्या रात्री स्वतःच्या खाटेवर झोपला. दोन महिन्यांनी तो आपणहून परत गेला, प्रे मोहल्ल्यातूनच कॅसेट पाठवू लागला, आणि उशिरानं का होईना, पास झाला. आता तो जहाजांच्या गोदीत इंजिनियर आहे.

मग सीडी आल्या, मोबाईल आले, आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तक्रार नाही. दिवस सगळ्यांचे फिरतात. २००२ साली इद्रीसभाई गेले. बंदराहून आले, पाणी मागितलं, आणि खलास.

दोन वर्षांनी घर दुबईतल्याच अल बर्शाला हलवायचं ठरलं. मुनिबानं मला कपाटावरून काढलं. "Ammi, it's junk. Let it go." आणि कचऱ्याच्या खोक्यात ठेवलं. मी काय बोलणार? माझा आतला रबरी पट्टा कधीच गळून पडला होता.

मैमुनाबीनं मला खोक्यातून उचललं. "आधी यहयाला येऊ दे."

यहया आला. मला उलटा करून पेचकसानं उघडलं आणि नवा पट्टा बसवला. यहयानं तेव्हा जेनोआहून सोबत आणलेली ती कॅसेट मैमुनाबीनं आपल्या पेटीतून काढली. कॅसेटच्या पाठीवर दोन छोट्या खिट्ट्या असतात. त्या मोडल्या, की लाल बटण दाबताच येत नाही. तिनं दोन्ही मोडून ठेवल्या होत्या.

मी घरघरलो, अडखळलो आणि बोलू लागलो. "अगो, बोट रुतलीय, बुडली नाही..."

मुनिबा खोक्यांची चिकटपट्टी टाकून माझ्याजवळ येऊन बसली. यंत्राशी काय बोलायचं म्हणणाऱ्या माणसाचा, साऱ्या जगात उरलेला आवाज तेवढाच होता. बोलणं शेवटपर्यंत वाजलं. मग मुनिबा म्हणाली, अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "अम्मी, अब्बांना परत लाव ना."

मित्रांनो, जुनं यंत्र टाकायचं तर खुशाल टाका. फक्त टाकण्याआधी त्याच्या पोटात कोण आहे, तेवढं एकदा लावून बघा.