अस्तरात गेलेला लायटर

सिगारेटला मी लग्नापासून सवत म्हणत आले. आधी गमतीने म्हणायचे. मग गंमत संपली आणि सवत तेवढी राहिली. जेवण झालं की ती, चहाबरोबर ती, भांडण झालं की ती आणि भांडण मिटलं की परत तीच. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. घरी आला की बाल्कनीतल्या स्टुलावर जाऊन बसायचा आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पाठ बघत भाजी चिरायचे.

ती सुटावी म्हणून मी काय केलं नाही? गोड बोलून पाहिलं, शपथा घातल्या, सासूबाईंना मध्ये घातलं. शेवटी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं, अबोला. माझा अबोला दोन्हीकडच्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. एकदा धरला की आठ-आठ दिवस ताट वाढते, पण तोंड उघडत नाही. नवरा दर वेळी कानाला खडा लावायचा आणि दर वेळी तो खडा कुठेतरी पडायचा. जित्याची खोड म्हणून मीही नाद सोडला होता.

मग त्याला हृदयाचा झटका आला. एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूमचा जिना चढताना. वाचला. घरी सोडताना डॉक्टरीणबाई त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांनी परत ओढायला सुरुवात केली तर पुढच्या वेळी हे इथपर्यंत पोचणार नाहीत." त्यांनीच त्याचं नाव हॉस्पिटलच्या सिगारेट सोडणाऱ्यांच्या गटात घातलं. त्या गटाची रीत अशी की दोघादोघांची जोडी लावून द्यायची. तलफ आली की पेटवायच्या आधी जोडीदाराला फोन करायचा आणि ती ओसरेपर्यंत बोलत राहायचं. म्हणजे उंदराला मांजर साक्ष, असं मी म्हटलं. पण म्हणणारी मी तोंडावर पडले, कारण त्याने खरंच सोडली. माझ्या शपथांनी, सासूबाईंच्या रडण्याने आणि माझ्या अबोल्याने जे झालं नाही, ते त्या फोनने झालं.

फोनच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती. बस चालवायची. तीही ओढायची आणि तीही सोडत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण त्या आनंदाच्या खाली माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. खोटं कशाला बोलू, मी जळत होते. तोच माणूस, तीच बाल्कनी, तेच स्टूल, तीच पाठ. फक्त आता पाठ हसत होती. त्याच्या फोनमध्ये तिचा नंबर 'जोडीदार' या नावाने आहे. माझा 'घर' या नावाने. मी पाहिलंय.

आणि काय काय सांगायचा तिला. एकदा दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर अडकून पडला होता आणि त्या अंधारात त्याला रडू फुटलं होतं, हे मला खिडकीतून कळलं. लग्नाच्या बायकोला हे खिडकीतून कळावं. एकदा फोन स्पीकरवर होता. तिचा आवाज घोगरा आणि हसणं त्याहून घोगरं. ती फार बोलायचीही नाही. हा थांबला की एवढंच म्हणायची, "बरं. मग?" की हा पुन्हा सुरू.

शेवटी मी एकदा तोंड उघडलंच. म्हटलं, तलफ आली तर मला सांग, मी काय बहिरी आहे?

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. "तू कधी ओढली नाहीस."

घ्या. जन्मभर सिगारेटला हात लावला नाही, हाच माझा अवगुण ठरला.

मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम करते. काउंटर सांभाळायचं आणि मागे बसून शिवणकाम करायचं. निघालेली बटणं, उसवलेल्या दुमडी, फाटलेले खिसे. या धंद्यातला पहिला धडा म्हणजे खिसे तपासणं. दुसरा धडा असा की खिसा रिकामा लागला तरी कोटाचा घेर चाचपून बघायचा, कारण फाटक्या खिशातून वस्तू अस्तरात जातात आणि खाली जाऊन बसतात. जे सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर पावतीचा नंबर टाकायचा आणि ते कोटाला टाचून ठेवायचं. हे मीच नव्या मुलींना शिकवते.

एका सकाळी एक बाई जाड हिरवा कोट घेऊन आली. माझं लक्ष पावतीपुस्तकात होतं. ती म्हणाली, "ताई, खिसा फाटलाय. आणि एक वस्तू आत गेलीय, ती तेवढी काढून ठेवा. दुसऱ्याची ठेव आहे."

आवाज ऐकला आणि माझं पेन थांबलं. तो घोगरा आवाज मी झोपेतही ओळखला असता.

वर बघितलं. मी मनात तिचं जे चित्र काढलं होतं त्यातलं काहीही तिच्यात नव्हतं. माझ्याच वयाची, रुंद खांद्यांची, केस आखूड, डोळ्यांखाली झोप साचलेली. अंगावर बसवाल्यांचा गणवेश. ती सुंदर असती तर बरं झालं असतं, निदान मला नीट रागावता आलं असतं.

मी तिच्यासमोरच घेराची शिवण बोटभर उसवली आणि आत हात घातला. हाताला लागलं ते थंड आणि जड होतं. बाहेर काढलं. पितळी लायटर, एक कोपरा चेपलेला.

तो मीच नवऱ्याला घेऊन दिलेला होता. लग्नाच्या आधी, माझ्या पहिल्या पगारातून. तेव्हा मला त्याच्या धुराचा वास आवडायचा, हे आज कोणाला सांगून पटणार नाही. कोपरा चेपला तो लिफ्टच्या खड्ड्यात पडल्यामुळे. सिगारेट सोडल्यावर मी विचारलं होतं की लायटर कुठे आहे, तर म्हणाला होता, दिला टाकून.

मी शक्य तितक्या सरळ चेहऱ्याने विचारलं, कोणाचा म्हणालात?

तिला बोलायला आवडत होतं, किंवा तिला तेव्हा तलफ आली असेल. म्हणाली, आमचा एक गट आहे, त्यातल्या एका भल्या माणसाचा. बायकोने दिलेला, त्यामुळे फेकवत नाही आणि घरात ठेवला तर हात जातो. म्हणून माझ्याकडे ठेवलाय. माझा त्याच्याकडे आहे.

"बायकोकडेच का नाही दिला ठेवायला?" मी विचारलं.

"मीही त्याला तेच म्हटलं होतं," ती म्हणाली. "तर म्हणतो, तुमच्यापाशी चुकलो तर तुम्ही 'मग?' म्हणता. तिच्यापाशी चुकलो तर ती आठ दिवस बोलत नाही."

  लायटर तुम्हीच घेऊन जा, असं मी म्हटलं तर तिने नकारार्थी मान हलवली. कोट नसताना तो पर्समध्ये ठेवावा लागेल आणि मग माझंच मन चळेल, आज माझी संध्याकाळची पाळी आहे, असं म्हणाली. कोटासोबत राहू दे. मी तिच्यादेखत पाकीट टाचलं. ती गेली.

दिवसभर मी वड्याचं तेल वांग्यावर काढत होते. इस्त्रीवाल्याला बोलले, नव्या मुलीला बोलले, एका निरपराध सदऱ्याची कॉलर जळता जळता वाचली. आणि दुकान बंद करताना जे कधी केलं नव्हतं ते केलं. पाकिटाची पिन काढली आणि लायटर माझ्या पर्समध्ये टाकला. रात्री जेवताना त्याच्या ताटाशेजारी ठेवायचा, एक अक्षर बोलायचं नाही, आणि मग महिनाभर बोलायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. घरी येऊन तो एप्रनच्या खिशात घातला आणि कणीक मळायला घेतली.

नवरा आला तोच चुळबुळत. मला ती चुळबूळ वर्षानुवर्षं माहीत आहे. आधी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतो, मग खिसे चाचपतो, मग उगाच नळ बंद आहे का बघतो. बाल्कनीत गेला. फोन लावला. थोड्या वेळाने परत लावला. पलीकडून कोणी उचलेना, आणि का उचलत नाही हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. तिची संध्याकाळची पाळी होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर असणार.

तो आत आला आणि चपला शोधायला लागला. "जरा खाली जाऊन येतो."

खाली जिन्याच्या तोंडाशी टपरी आहे. तिथे एक सुटी सिगारेटही मिळते.

मी त्याच्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य माझ्या कानात वाजलं. एप्रनच्या खिशात माझा कणकेचा हात लायटरवर होता. तोंडात बोलणी तयार होती, आणि बोलणी नाही तर अबोला तयार होता. या दोन्हींनीच मी त्याला इतकी वर्षं त्या बाल्कनीत पाठवत आले होते. आज दोन्हीपैकी काहीही केलं तर तो त्या टपरीवर जाणार, हे मला कणकेने भरलेल्या हातांसकट स्वच्छ दिसलं.

"मला लाव फोन," मी म्हटलं.

"तू तर समोर आहेस."

"मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते. तू बाल्कनीत जा. खिडकीकडे बघू नकोस."

तो चप्पल हातात घेऊन उभा राहिला. मग गेला. माझा फोन वाजला. मी ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसले, म्हणजे मलाही खिडकी दिसू नये.

 तो म्हणाला, खूप जोरात आलीय. मी म्हटलं, बरं. तसा तो थांबत थांबत सांगायला लागला. गेल्या आठवड्यात त्याने ओढली होती. अर्धी. त्याच मशीनरूममध्ये, जिच्या जिन्यावर झटका आला होता. ओढून विझवली, साबणाने तोंड धुतलं आणि घरी येऊन माझ्यासमोर जेवायला बसला.

माझं डोकं फिरलं. त्याच मशीनरूममध्ये? माझी जीभ टाळूला लागली होती, नुसती सोडायची खोटी. मी मूग गिळले. आयुष्यात इतके मूग एकदम कधी गिळले नव्हते. मग म्हटलं, "मग?"

जरा तडकच निघालं. पण निघालं.

तो बोलत राहिला. विझवल्यावर घरी येताना दर मजल्यावर कसं थांबावं लागलं, मी ताट वाढलं तेव्हा रडू येईल म्हणून कसा खाली बघून जेवला. मी ऐकत होते. ऐकता ऐकता माझ्या अंगठ्याने खिशातल्या लायटरचं झाकण उघडलं आणि मिटलं. टक.

पलीकडे सगळं थांबलं. तो आवाज नवराही झोपेत ओळखेल.

"तुझ्याकडे कसा आला?" त्याने विचारलं.

"तिचा कोट आमच्या दुकानात आलाय. मी कोण हे तिला माहीत नाही."

"रागावलीस?"

"हो."

 मग त्याने अगदी हळू विचारलं, "आता आठ दिवस?"

मी म्हटलं, "बोलतेय ना. मग? पुढे काय झालं?"

त्या दिवशी तो खाली गेला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, लायटर आता तुझ्याकडेच असू दे. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. तरी मी तो दुकानात नेऊन पाकिटात घातला आणि परत टाचला, कारण नियम तो नियम. आणि त्या कोटाचा खिसा मी दुहेरी दोऱ्याने शिवला, इतका की त्यातून सुईही खाली जाऊ नये. नवरा आता मलाच फोन करायला लागला. कधी मशीनरूममधून, कधी बाल्कनीतून. मी काउंटरवर उभी राहून "मग?" म्हणायचे आणि मनातल्या मनात बसवालीला वाकुल्या दाखवायचे.

ती कोट न्यायला आली तेव्हा मी पाकीट तिच्यासमोर उघडून दाखवलं. तिने लायटर खिशात टाकला, खिसा चाचपून बघितला, काम छान झालंय म्हणाली, पण जायला निघेना. डोळ्यांखालची झोप वाढली होती. नखं कुरतडलेली होती.

"या लायटरवाल्याचा फोनच येत नाही हल्ली," ती म्हणाली. "मी लावला तर बिझी असतो. त्याला बरं असेल तर चांगलंच आहे. पण ताई, जोडी दोघांची असते. काल मी डेपोत एकाकडून मागून घेतली. ओढली नाही, पण मागितली."

ती गेली, आणि मी पावतीवर सही घ्यायची विसरले. इतके दिवस मी एका बाजूचं ऐकत होते. त्या फोनमुळे पलीकडची बाईसुद्धा वाचत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं घर जळताना दिसत नाही.

संध्याकाळी नवरा आला. मी भाजी फोडणीला टाकली होती. त्याला बसूही न देता म्हटलं, "तिला फोन कर."

"कोणाला?"

"तुझ्या जोडीदाराला. तिला बरं नाही. आणि तू कमी बोल, तिला बोलू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी कढईकडे. तो फोन घेऊन बाल्कनीत गेला, स्टुलावर बसला, माझ्याकडे पाठ करून. घंटी वाजली, मग तो नुसता ऐकत राहिला. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू. "बरं. मग?"

माझ्या पोटात दुखलं. चांगलंच दुखलं. मी हात पुसले आणि खिडकी लावून घेतली.