रडणारं चिडाचं झाड

बागेच्या फाटकापासून निघालेली रांग थेट औषधांच्या दुकानापर्यंत पोचली होती, आणि गंमत अशी की दुकानात मात्र चिटपाखरू नव्हतं. बागेतलं जुनं चिडाचं, म्हणजे पाइनचं, झाड रडत होतं ना! छातीच्या उंचीवर बुंध्याला एक गोल डोळा उघडला होता आणि त्यातून सोनेरी थेंब ओघळत होते.

"एवढ्या वर्षांत हे झाड कधी रडलं नाही!" झाडाशेजारी स्टुलावर बसलेले तरुबाबा गर्जत होते. "आता रडतंय, कारण महादुष्काळ येतोय. ज्याच्या जिभेवर हा थेंब पडला, त्याला ना तहान, ना रोग. गोळ्याबिळ्या फेकून द्या! झाडाला पैसा नको. पेटीत टाका."

रांगेत मावशी होती. पाय सुजून चपला होत नव्हत्या, म्हणून अनवाणी. हृदयाच्या गोळ्या तिनं कधीच बंद केल्या होत्या. शेजारी तिनंच लहानाची मोठी केलेली भाची उभी होती. तो डोळा कुणी उघडला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

झाडाच्या खोडातल्या वलयांवरून जुने दुष्काळ शोधणं हे भाचीचं काम. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही; पोकळ गिरमिटानं पेन्सिलीएवढी काडी काढली की भागतं. भोक वाटेच्या उलट्या बाजूला पाडायचं, हा या कामातला नियम. पण महिन्यापूर्वी त्या बाजूला चिखल होता, आणि बूट वाचवायला तिनं ते वाटेकडूनच पाडलं. हे कळलं तर बागेतल्या कामाची परवानगी जाईल, म्हणून ती गप्प राहिली. गळणं आज थांबेल, उद्या थांबेल, असं म्हणत राहिली.

"मावशी, घरी चल. ती नुसती राळ आहे."

"हो गं शहाणे! दम लागलाय मला. थेंब मिळाला की..." वाक्य पुरं व्हायच्या आत मावशी झाडापाशी मटकन खाली बसली.

मग मात्र भाचीला राहवेना. "ते भोक माझं आहे," ती ओरडली. "मी पाडलंय."

"अहंकार बरा नव्हे, बाळ," बाबा हसले.

सांगावं की नाही, या विचारात चार दिवस पर्समध्ये वागवलेली काडी तिनं बाहेर काढली. सालीकडचं टोक भोकाशी धरलं. सालीची चीर चिरेला अचूक मिळाली.

"ही वलयं बघा. पाऊस चांगला, तर वलय रुंद. कोरडं वर्ष, तर दोऱ्यासारखं बारीक. ही बारीक वलयं ओळीनं आलीत ना, तो आपल्या पणजोबांच्या वेळचा दुष्काळ. झाडानं तो सोसला, पण रडलं नाही. झाड झालेलं सांगतं, उद्याचं सांगत नाही. आणि ही राळ म्हणजे जखमेवरची खपली."

"खपली महिनाभर वाहते होय?" रांगेतून पोस्टमननं विचारलं.

"नाही. एव्हाना गोठायला हवी होती. कुणीतरी रोज उकरतंय."

खाली बसलेल्या मावशीची नजर बाबांच्या स्टुलाखाली गेली. "अहो महाराज, ही माझी विणायची सुई ना? झाडाच्या सेवेला म्हणून मागून नेलीत ती? हिला राळ कशी लागली?"

मग पोस्टमन खो खो हसला, आणि ते हसू रांगेच्या शेपटापर्यंत पोचायच्या आत बाबा पेटीसकट पसार झाले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी साठलंय; अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं. मावशी खाटेवर टेकून बसली होती.

"तुला महिनाभर माहीत होतं?"

"हो."

"आणि मी रांगेत उभी राहते, ते बघत होतीस?"

मावशीनं गोळी घेतली, वर पाणी प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

ठकाला लोकांचं अज्ञान पुरतं, असं आपण म्हणतो. त्याहून जास्त उपयोगी पडतं ते जाणत्यांचं मौन. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, हे कुणी केलं, कशानं केलं. आणि उत्तर तुम्हालाच ठाऊक असेल, तर रांग लागायच्या आत सांगा.